शस्त्रविक्रयाचे पाप आणि भिलाईचे पोलाद

शस्त्र चालवणाऱ्याचे कर्म आणि शस्त्र विकणाऱ्याचे कर्म यांत नैतिक अंतर किती, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराला नवा नाही. परंतु खाण एका जिल्ह्यात, भट्टी दुसऱ्या, गोदी तिसऱ्या राज्यात आणि रणभूमी भलत्याच खंडात असण्याच्या काळात त्याचे जुने उत्तर जसेच्या तसे पुरत नाही. अँड्र्यू निकोल या न्यूझीलंडच्या लेखक-दिग्दर्शकाचा ‘लॉर्ड ऑफ वॉर’ हा २००५ सालचा इंग्रजी चित्रपट हाच प्रश्न काळ्या उपहासाच्या, म्हणजे भयंकर गोष्ट हसतमुखाने सांगून प्रेक्षकालाच अवघडवून टाकणाऱ्या विनोदाच्या वाटेने विचारतो. निकोलस केजने रंगवलेला युरी ऑर्लोव हा सोव्हिएत युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या एका कुटुंबाचा मुलगा. सोव्हिएत संघातून बाहेर पडता यावे म्हणून या कुटुंबाने ज्यू असल्याचे सोंग घेतलेले असते आणि बापाच्या बाबतीत ते सोंग इतके अंगवळणी पडते की तो खरोखरच भक्तिभावाने सिनेगॉगच्या वाऱ्या करू लागतो. मुलाच्या बाबतीत उलटे घडते, कारण नाव, कागद, झेंडा आणि जहाजाचा रंग यांपैकी तो काहीही बदलू शकतो, पण त्यांतले काहीच त्याच्या आत उतरत नाही.

चित्रपटाचा आरंभ शास्त्रीय विवेचनालाही हेवा वाटावा इतका नेमका आहे. कॅमेरा एका बंदुकीच्या गोळीचा डोळा होतो. कारखान्यात पितळी पत्र्यापासून तिची घडण होते, पट्ट्यावरून ती पुढे सरकते, एक कामगार तिला उचलून पाहतो, पेटी बंद होते, जहाज निघते, आफ्रिकेतल्या कुठल्याशा रस्त्यावर ती बंदुकीत भरली जाते आणि अखेरीस एका मुलाच्या कपाळात शिरते. या सगळ्या प्रवासात दुष्ट असा कोणीही दिसत नाही. जो तो आपापले काम करत असतो, आणि बहुतेकांना त्या मुलाचे अस्तित्वही ठाऊक नसते. पुढे युरी स्वतःचा बचाव करताना जे बोलतो ते याच दृश्याचे भाष्य म्हणता येईल: त्याने कधी कोणावर गोळी झाडलेली नाही, मोटारी आणि सिगारेटी विकणाऱ्यांच्या मालाने दरवर्षी याहून अधिक माणसे मरतात, आणि तो विकतो त्या मालाला निदान सुरक्षेचा खटका तरी असतो. हा युक्तिवाद हास्यास्पद वाटतो खरा, पण तो खोडून काढायला बसले की ध्यानात येते की त्यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खोटे नाही. उपहासाचे सामर्थ्य येथेच आहे, कारण खलनायकाला खोटे बोलायला लावणे सोपे असते आणि त्याच्याकडून खरेच बोलवून घेऊन त्याचे खलत्व दाखवणे अवघड असते.

चित्रपटाच्या निर्मितीतही उपहास आपोआप शिरला. नकली बंदुका बनवण्यापेक्षा खऱ्या विकत घेणे स्वस्त पडते असे आढळल्यामुळे तीन हजार खऱ्या चेकोस्लोव्हाक बनावटीच्या रायफली आणल्या गेल्या, ही हकिगत स्वतः दिग्दर्शकानेच मुलाखतींतून सांगितली आहे. युरीच्या पात्रामागे ज्या अनेक व्यापाऱ्यांच्या छाया आहेत त्यांत व्हिक्टर बूत हा रशियन ठळक आहे. त्याला २००८ साली बँकॉकमध्ये पकडण्यात आले, २०१२ साली अमेरिकी न्यायालयाने त्याला २५ वर्षांची शिक्षा दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एका अमेरिकी बास्केटबॉलपटूच्या बदल्यात तो रशियाला परत देण्यात आला. चित्रपटातला युरीही शेवटी पकडला जातो आणि एका सरकारला उपयोगी असल्यामुळे सोडला जातो. म्हणजे कल्पिताने वास्तवाची नक्कल करावी असा नेम असताना येथे वास्तवाने सतरा वर्षांनी कल्पिताची नक्कल केली. चित्रपटाची अखेरची पाटी सांगते की जगातले सर्वांत मोठे शस्त्रपुरवठादार पाच देश हेच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे कायम सभासदही आहेत.

भारतात या कथेचा सर्वांत जवळचा प्रसंग पुरुलियाचा आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातील खेड्यांवर लाटवियन चालकांच्या विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि प्रचंड दारूगोळा टाकण्यात आला, आणि काही दिवसांतच ते विमान मुंबईत उतरवून घेण्यात आले. बल्गेरियात खरेदी झालेल्या या मालाला बांगलादेशाच्या नावाचे अंतिम-वापर प्रमाणपत्र, म्हणजे माल शेवटी कोणाच्या हाती जाणार आहे हे विक्रेत्याला लिहून देणारा सरकारी कागद, जोडलेले होते. पकडलेल्यांतील पीटर ब्लीच या ब्रिटिश शस्त्रव्यापाऱ्याने बचाव केला तो असा की आपण या बेताची वर्दी ब्रिटिश अधिकाऱ्यांना आधीच दिली होती. त्याला जन्मठेप झाली आणि २००४ मध्ये माफीही मिळाली. मुख्य सूत्रधार मुंबईच्या विमानतळावरूनच निसटला. शस्त्रव्यापाराचा सगळा नैतिक पेच त्या एका प्रमाणपत्रात सामावलेला आहे, कारण विक्रेत्याचा पापपुण्याचा हिशेब त्या कागदापाशी संपतो असे मानण्याची सोय त्यात केलेली असते.

बौद्ध परंपरा ही सोय मान्य करत नाही. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात उपासकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत, ते असे: शस्त्रांचा, प्राण्यांचा व माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यात वरकरणी एक अडचण आहे. बौद्ध विचारात कर्माचा गाभा चेतना, म्हणजे हेतू, हा मानला आहे. मग ज्याच्या मनात कोणाला मारण्याचा हेतू नाही, नफ्याचा मात्र आहे, त्या विक्रेत्याला दोष कोणता? अट्ठकथांच्या, म्हणजे पाली भाष्यांच्या परंपरेने याचे उत्तर देताना हेतूचा प्रश्न बाजूला ठेवून असे म्हटले की हा व्यापार दुसऱ्याच्या पीडेला निमित्त होतो म्हणून तो करू नये. यापुढे जाऊन असेही म्हणता येईल की व्यापारात हेतूचे स्वरूपच बदलते. युद्ध होणार म्हणून माल धाडल्यावर तिकडे शांततेची बोलणी सुरू झाल्याचे कळते तेव्हा युरी वैतागतो, हे दृश्य चित्रपटात काही क्षणांचेच आहे, पण पाच व्यापारांच्या त्या यादीवर याहून चांगले भाष्य मिळणे कठीण आहे. ज्याची मिळकत इतरांच्या मरणाबरोबर वाढते आणि समेटाबरोबर घटते, त्याला मारण्याचा हेतू नसला तरी मरणाची अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा रोजच्या व्यवहारात बाळगावी लागते म्हणून आजीविका, म्हणजे पोट भरण्याचा मार्ग, हाच बौद्ध धर्मात नीतीचा स्वतंत्र विषय ठरला.

मनुस्मृतीची दृष्टी वर्णव्यवस्थेने बांधलेली असल्यामुळे तिचा शस्त्रविक्रयाचा निषेध तितका व्यापक नाही. आपत्काळी वैश्यवृत्तीने जगावे लागणाऱ्या ब्राह्मणाने जे विकू नये त्यात तिने शस्त्र आणि विष घातले आहे, आणि इतरांविषयी ती येथे बोलत नाही. मात्र याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या संदर्भात एक वेगळाच विचार येतो, आणि शस्त्रांच्या प्रश्नाला तो अधिक लागू पडतो. तेथे घातक कोण याची गणना करताना जनावर मारणाऱ्यावर न थांबता कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळे घातकच मानले आहेत, आणि या यादीच्या अग्रभागी अनुमंता, म्हणजे अनुमती देणारा, याला बसवले आहे. ज्याने सुरीला हातही लावलेला नाही त्याचा उल्लेख सर्वांत आधी येतो, ही गोष्ट सहज घडलेली नसावी. गोळीच्या प्रवासाचे जे दृश्य निकोलने रचले त्यात कामगार, अधिकारी, खलाशी, व्यापारी आणि सैनिक आहेत. अनुमंता तेवढा दिसत नाही, कारण तो बहुधा प्रेक्षागृहात बसलेला असतो.

धर्मग्रंथांत युरीला सर्वांत जवळचा माणूस शोधायचा तर तो महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध होय. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा व्याध कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो स्वतः जनावरे मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. आणि अहिंसेचा अभिमान कोणी बाळगू नये, कारण नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, असे तो म्हणतो. शब्द थोडे बदलले तर हा युरीचाच युक्तिवाद आहे, आणि म्हणूनच दोघांतला फरक पाहण्याजोगा आहे. व्याध आपला धंदा घोर असल्याचे कबूल करतो, तो पूर्वकर्माचे फळ म्हणून वाट्याला आल्याचे सांगतो, स्वतः मांस खात नाही, आणि ‘सगळेच हिंसा करतात’ या सत्याचा उपयोग तो इतरांचा अहंकार उतरवण्यासाठी करतो, स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी करत नाही. युरीही आपल्या धंद्याविषयी मोकळेपणाने बोलतो, किंबहुना अख्खा चित्रपट त्याच्या कबुलीजबाबाच्या सुरातच चालतो. पण त्या कबुलीला लाज चिकटलेली नाही. त्याचा धाकटा भाऊ व्हिताली छावणीतल्या बायकामुलांची कत्तल डोळ्यांसमोर होताना पाहून शस्त्रांनी भरलेला एक ट्रक उडवून देतो आणि मारला जातो. तेव्हा युरी उरलेल्या मालाच्या बदल्यात ठरलेले निम्मे हिरे घेऊन व्यवहार पूर्ण करतो. स्पष्टवक्तेपणा आणि सदाचार यांत आजकाल गल्लत फार होते. चित्रपटाने ती येथे निकालात काढली आहे.

निकोलची गोळी पितळी पत्र्यापासून सुरू होते. परंतु पत्र्याच्याही आधी भट्टी असते आणि भट्टीच्या आधी खाण. तेथपर्यंत मागे गेले तर काय होते हे तपासायला छत्तीसगडमधल्या भिलाईइतके योग्य ठिकाण नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. ज्या राज्यसत्तेने भिलाईला भट्टी दिली तिनेच जगाला एके-४७ दिली, आणि तिच्या पडझडीनंतर युक्रेनमधली कोठारे उपसूनच युरी गब्बर होतो. भिलाईचा कच्चा माल आला तो दल्ली-राजहराच्या लोहखाणींतून, आणि त्या आटत चालल्यामुळे आता नजर आहे ती रावघाटच्या डोंगरावर, जिथवर जाणारा रेल्वेमार्ग सशस्त्र दलांच्या पहाऱ्यात घालावा लागला. म्हणजे पोलादापासून बंदूक होण्याच्या आधीच पोलादासाठी बंदूक लागते.

भिलाईलगतच्या दुर्गजवळ नगपुरा हे पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन तीर्थ आहे, आणि जैन आचारशास्त्राची कसोटी लावली तर या सबंध परिसराचा उद्योगच संशयित ठरतो. जैन श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, टाळायच्या पंधरा ‘कर्मादानां’त, म्हणजे अतिशय पापबंध घडवणाऱ्या धंद्यांत, अंगारकर्म आणि स्फोटकर्म ही दोन नावे आहेत, पहिल्यात कोळसा व भट्टीची कामे येतात आणि आचार्य हेमचंद्रांनी लोहाराचाही त्यात समावेश केला आहे, तर दुसऱ्यात जमीन खणणे-फोडणे येते. गंमत अशी की मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही खाणींवरचा अधिकार आणि महायंत्रे चालवणे ही उपपातके, म्हणजे दुय्यम प्रतीची पापे, सांगितली आहेत; तेव्हा भिलाईच्या महाव्यवस्थापकाला दोन्ही परंपरांत प्रायश्चित्त चुकणार नाही. थट्टेचा भाग सोडला तर या कसोटीची मर्यादा उघड आहे. पृथ्वी आणि अग्नी यांतील सूक्ष्म जीवांची हिंसा हा तिचा आधार असल्यामुळे नांगराचा फाळ आणि तोफेची नळी यांत तिला भेद करता येत नाही. दोन्ही एकाच अंगारातून निघतात. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे एकाच पाटावर मांडून पुजणाऱ्या मराठी घरांतही तो भेद केला जात नाही, पण तेथे दोन्ही पूज्य ठरतात आणि येथे दोन्ही त्याज्य.

हा भेद प्रत्यक्षात कसा पुसला जातो हे भिलाईच्या प्लेट मिलमध्ये दिसते. तांबडीलाल तापवलेली स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, रुळांमधून पुढेमागे दाबली जाते. तिच्यावर धरलेला ऑक्साइडचा पापुद्रा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवला जातो, प्रत्येक फेरीला ती पातळ आणि लांब होत जाते, मग थंड करून, कापून तिच्यावर प्रत, माप आणि हीट नंबर उमटवला जातो. हीट म्हणजे एका वेळी ओतलेला पोलादाचा एक घाणा. त्याच्या क्रमांकावरून कुठल्याही प्लेटचे मूळ, तिच्यातले कार्बन-मँगनीजचे प्रमाण, चाचण्यांचे निकाल, सगळे वर्षांनंतरही शोधून काढता येते. अशाच प्लेटांपैकी काही पुलाला गेल्या, काही बॉयलरला, आणि काही कोचीन शिपयार्डला. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी डीएमआर २४९ जातीचे सुमारे ३०,००० टन पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथून गेले. रोलिंगच्या शिफ्टमध्ये उभ्या असलेल्या कामगाराला पूल आणि युद्धनौका यांतला फरक दिसतो तो ऑर्डरच्या कागदावर आणि चाचण्यांच्या कडकपणात. यातला लक्षणीय भाग असा की तडा गेला तर दोष भट्टीपर्यंत मागे नेण्याची अचूक व्यवस्था उद्योगाने स्वतःहून केली, आणि माल पुढे कोठे जाऊन काय करतो हे सांगण्यासाठी जगाकडे अजूनही पुरुलियात होते त्या जातीचे प्रमाणपत्रच आहे.

भिलाईत मराठी वस्ती जुनी आहे. नागपूर-हावडा मार्गावरून विदर्भातून आलेल्या कुटुंबांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारी बौद्ध कुटुंबेही आहेत, आणि याच मार्गावरच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. पाच व्यापारांचा निषेध मानणाऱ्या उपासकाने या कारखान्यांत नोकरी करावी काय? वर काढलेला निकष लावला तर उत्तर फारसे अवघड नाही. रेल्वेचे २६० मीटर लांबीचे रूळ बनवणाऱ्या कारखान्याचा पगार कोणाच्या मरणावर अवलंबून नाही. त्याच्या प्लेटा नौदलाने घेतल्याने तो शस्त्रव्यापारी ठरत नाही. स्फोटके भरणाऱ्या कामगाराची गोष्ट अधिक अवघड आहे, पण त्याच्याबाबत एवढे तरी म्हटले पाहिजे की मरणाची जोखीम त्याने दुसऱ्यावर ढकललेली नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. युरीला आयुष्यात अशी जोखीम घ्यावी लागली ती अपवादाने, आणि गीतेतल्या स्वधर्माचा आधार त्याला मिळत नाही तो याचसाठी. अर्जुनाला ज्या युद्धाचा उपदेश झाला त्यात तो स्वतः बाणांच्या टप्प्यात उभा होता.

येथे जैन विचारातलेच दुसरे एक वर्गीकरण उपयोगी पडते, आणि शस्त्रांच्या प्रश्नावर इतके धारदार साधन दुसऱ्या कोणत्याही परंपरेने दिलेले नाही. त्यात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत: मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात घडणारी उद्योगी आणि आक्रमकापासून बचाव करताना घडणारी विरोधी. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य आहे. उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी कराव्यात पण त्या टाळता येत नाहीत. स्वसंरक्षणासाठी बनवलेली युद्धनौका या हिशेबात विरोधी हिंसेची तयारी ठरते. तेच शस्त्र तिसऱ्या देशाच्या चौथ्याशी चाललेल्या युद्धात विकले की ते विरोधी राहत नाही, कारण विकणाऱ्याला शत्रूच नसतो. मग ते उद्योगी म्हणून खपवले जाते, आणि उद्योगी हिंसेला जी सूट मिळाली ती शेतात मरणाऱ्या किड्यांच्या संदर्भात होती हे विसरले जाते. शिवाय दुसऱ्याला हिंसेची साधने पुरवणे हा जैन श्रावकाचाराने ‘अनर्थदंडां’त, म्हणजे निष्कारण घडवलेल्या पापांत, वेगळा मोजलेला दोष आहे. थोडक्यात, क्षत्रियाला असलेली मुभा वाण्याने वापरू नये.

ही मुभा मात्र भारतात हळूहळू हस्तांतरित होत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशाबाहेर नेण्यास बंदी असलेल्या मालाच्या यादीत शस्त्रे, चिलखते आणि लोह एकत्र येतात. तो निर्णय अहिंसेपोटी नसून धोरणापोटी होता, तरी शस्त्र हा बाजारातला माल नव्हे एवढे त्यात गृहीत होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित करून त्याच्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. त्यांतली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात आणि यंत्र इंडिया नागपुरात आहे. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची असलेली देशाची संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर पोचली, आणि २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे लक्ष्य ठेवले गेले आहे. हे आकडे पराक्रमाच्या सुरात जाहीर होतात आणि तसेच वाचले जातात. वस्तुतः ते पराक्रमाचे नसून विक्रीचे आकडे आहेत, आणि विक्रीला लक्ष्य ठरले की गिऱ्हाईक हवे असते.

शस्त्रे कोणाच्या हाती द्यावीत याचा प्रश्न छत्तीसगडला परदेशातून आयात करावा लागला नाही. चित्रपट आला त्याच वर्षी, २००५ मध्ये, बस्तरात माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम या मोहिमेचा आरंभ झाला, आणि मासिक ३,००० रुपये मानधनावर आदिवासी तरुण विशेष पोलीस अधिकारी म्हणून सशस्त्र केले गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवून दिलेल्या बंदुका परत घ्याव्यात असा आदेश दिला. शस्त्र देणाऱ्याची जबाबदारी शस्त्र दिल्यावर संपत नाही, असे सांगणारा इतका स्पष्ट निकाल क्वचितच सापडेल. याउलट भिलाईचा अनुभव. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची भिलाईतल्या त्यांच्या निवासस्थानी झोपेत गोळी घालून हत्या झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये शिक्षा झाली ती गोळी झाडणाऱ्याला; हत्या घडवून आणल्याचा आरोप असलेले इतर निर्दोष सुटले. पुराव्याचा कायदा असाच चालतो आणि बहुधा त्याने असेच चालावे, पण त्यामुळेच कायद्याने मोकळा सोडला तो धर्मानेही सोडला, असे मानता येत नाही.

अनुमंत्याचा प्रश्न न्यायालयापुढे थेट आला तो ९ सप्टेंबर २०२४ रोजी. गाझातील युद्ध चालू असताना इस्रायलला शस्त्रे निर्यात करण्याचे परवाने रद्द करावेत अशी काही निवृत्त अधिकारी व अभ्यासक यांची याचिका सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने फेटाळली; परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, आणि निर्यात थांबवल्यास भारतीय कंपन्यांवर करारभंगाचे दावे होऊ शकतात, अशी कारणे देण्यात आली. घटनात्मक अधिकारांच्या वाटणीच्या दृष्टीने पहिले कारण समर्थनीय आहे. दुसरे मात्र व्यापाऱ्याचे कारण आहे आणि ते युरीलाही पटले असते. न्यायालयाने निर्णय सरकारकडे सोपवला, सरकार लोकांच्या मताने बनते, आणि अशा रीतीने मनूच्या यादीतले पहिले पद फिरत फिरत मतदाराकडे येते.

विक्रेत्याला डोळे मिटून विकता येऊ नये यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार स्वीकारला. वंशसंहारासाठी किंवा नागरिकांवरील अत्याचारांसाठी शस्त्रे वापरली जाणार हे ठाऊक असेल तर विकू नयेत, आणि विकण्यापूर्वी तो धोका तपासावा, अशी त्यात बांधिलकी आहे. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला. दहशतवाद्यांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांबाबत मसुदा दुबळा आहे आणि निर्यातदार देश त्याचा वापर आयातदारांवर दबाव आणण्यासाठी करतील, अशी त्याची हरकत होती, आणि त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रखरेदीदारांत गणला जाणारा देश म्हणून तीत तथ्यही होते. आज तोच देश दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याची तयारी करत असताना गिऱ्हाइकाच्या बाजूची ती जुनी हरकत पुढे करणे शोभत नाही. २४ डिसेंबर २०१४ पासून अमलात असलेल्या या करारावर भारताची सही अजूनही नाही.